गोदाम वसाहतीतल्या मांजरांची पट्टी

निवृत्ती सोनकांबळे हा माणूस कुणाकडं काही मागायचा नाही. मागायचा नाही म्हणजे किती, तर एस्टीत खिडकीशी ऐसपैस बसलेल्या माणसाला 'जरा सरका' म्हणायच्या ऐवजी तो लातूरपासून अहमदपूरपर्यंत अर्ध्या मांडीवर बसून जायचा. ऑफिसात त्याच्या टेबलाचा एक पाय मोडला, तेव्हा त्यानं दुसरं टेबल मागितलं नाही. खाली आपला गुडघा लावला आणि वर फायली लिहीत राहिला. अशा माणसावर अख्ख्या वसाहतीत दारोदार फिरून पट्टी, म्हणजे वर्गणी, मागायची पाळी यावी, आणि तीही मांजरांच्या औषधपाण्यासाठी, याला नशीब म्हणायचं का सूड, ते तुमचं तुम्ही ठरवा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्हा झाला होता म्हणजे पाट्या झाल्या होत्या. ऑफिसं भाड्याच्या घरात होती, साहेब लॉजवर होते आणि कागद उस्मानाबादला होते. निवृत्तीची बदली नव्या जिल्ह्यात झाली, पण त्याचं सर्व्हिस बुक जुन्या जिल्ह्यातून निघालं नाही. त्यामुळं पगाराच्या हिशेबानं हा गृहस्थ दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. दर महिन्याला थोडीफार उचल मिळायची, तीवर घर चालायचं. राहायला मात्र सरकारनं जागा दिली होती. धान्याच्या सरकारी गोदामाला लागून क्वार्टरच्या दोन ओळी बांधल्या होत्या, तीच ही गोदाम वसाहत. नळ होते, तोट्या होत्या, पाणी तेवढं टँकरनं यायचं.

कारण दुष्काळ. मांजरा नदीचं वाळवंट झालं होतं, आणि रोजगार हमीच्या कामावर माणसं खडी फोडत होती. त्यांना मजुरीत धान्याची कुपनं मिळत, म्हणून गोदाम कायम भरलेलं. गोदाम भरलेलं म्हणून उंदीर, आणि उंदीर म्हणून मांजरं. दुष्काळात सरकारची एवढी एकच साखळी कुठं न तुटता चालू आहे, असं वसाहतीतले अमृतराव म्हणायचे. अमृतराव निजामाच्या काळात तहशिलीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे कारकून होते, आता पेन्शन खात मुलाकडं राहत होते, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं काहीतरी म्हणणं असायचंच.

गावची विहीर आटली तेव्हा निवृत्तीनं आपल्या आईला, नागुबाईला, कंधारकडच्या गावाहून लातूरला आणलं. नागुबाईचं वय झालेलं, दोन कोसांवरून घागर आणायची तिची उमर राहिली नव्हती, आणि गावात तिच्या हक्काचं दुसरं कुणी नव्हतं. ती आली, पण तिचा जीव काही रमेना. सून गुणाबाई बालवाडीत शिकवायला जायची, पोरगा ऑफिसात. शेजारणी दारं लावून आत बसायच्या. नागुबाईला दिवसाकाठी दहा माणसांशी भांडल्याशिवाय जेवण गोड लागत नसे, आणि इथं तर भांडायलासुद्धा ओळख लागत होती. 'ह्या गावात वाळीत टाकल्यावानी वाटून राहिलंय,' असं ती म्हणायची आणि गठुडं बांधायला घ्यायची.

तिला थांबवलं ते मांजरांनी. मागल्या अंगणात गोदामाची भिंत होती, तिच्यावरून मांजरं उतरत. नागुबाईनं त्यांना भाकरीचा काला घातला आणि सगळ्यांना गावाकडच्या माणसांची नावं दिली. पांढरी जाडी ती सरजाबाई, सतत ओरडणारी ती धुरपताबाई, लंगडी केवळाबाई, आणि कान फाटलेला दांडगा बोका तो सटवाजी. मग काय विचारता. सकाळपासून अंगणात गाव भरायचं. सरजाबाईला तिच्या सुनेवरून टोमणे, सटवाजीला बांध कोरल्याबद्दल शिव्या, धुरपताबाईला 'मागल्या साली नेलेलं सूप अजून दिलं न्हाईस' म्हणून तगादा. मांजरं खात खात ऐकायची. खऱ्या धुरपताबाईनं इतकं कधी ऐकून घेतलं नसतं.

निवृत्ती हे खिडकीतून बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. आपली आई आपल्या घरी आहे, तिच्या खोकल्याचा आवाज येतो आहे, एवढ्यानं त्या माणसाला ऑफिसातल्या मोडक्या टेबलाचंही काही वाटत नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

आणि त्या मांजरांना लूत लागली.

आधी सरजाबाईच्या मानेचे केस गेले, मग धुरपताबाईच्या पाठीचे. बघता बघता सगळं गाव उघडं पडलं. मांजरं भिंतीला अंग घाशीत, रात्रंदिवस खाजवीत, आणि खाजवताना ज्या दिशेनं बघत तिथल्या माणसालाही खाज सुटल्यासारखं वाटे. टँकरच्या रांगेत एका बाईनं दंड खाजवला, तिच्या मागच्या बाईनं मान खाजवली, आणि पार्वतम्मांनी तिथल्या तिथं सभा भरवली.

पार्वतम्मा म्हणजे समोरच्या ओळीतलं पहिलं क्वार्टर. माहेर उदगीरपलीकडं बिदरच्या अंगाला. मराठी बोलताना रागावल्या की अर्धं वाक्य कानडीत जायचं, त्यामुळं समोरच्याला उत्तर देता येत नसे. टँकरचा पाइप कुणाच्या घागरीत आधी जाणार हे त्या ठरवीत. त्यांच्या दह्याच्या मडक्याशी सटवाजीचं जुनं प्रकरण होतं, ते वेगळंच. त्यांनी निकाल दिला की मांजर मारणं पाप आहे, काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते आणि सोन्याचा भाव बघता ते परवडायचं नाही. तेव्हा सगळी मांजरं पोत्यात भरायची आणि सोमवारी गोदामाचा ट्रक उस्मानाबादला जातो, त्यात घालून तिकडं सोडायची. नाहीतरी ही जिल्हा होण्याच्या आधीपासूनची मांजरं. ह्यांचे कागदही तिकडंच असतील.

नागुबाईनं हे ऐकलं. संध्याकाळी तिनं निवृत्तीला सांगितलं, की सोमवारी ह्या गेल्या की त्याच दिवशीच्या कंधारच्या गाडीनं मी जाते. तिकडं खरी सरजाबाई तरी हाय. निवृत्ती 'बरं' म्हणाला. आणि रात्रभर तो आढ्याकडं बघत पडला.

सकाळी उठून तो गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथला कंपाउंडर भला माणूस होता, पण त्याच्यापुढं रजिस्टर होतं. त्यात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी असे रकाने होते. तो म्हणाला, यातल्या कशात बसतंय सांगा, मी बसवतो. मग त्यानंच उपाय सुचवला की शेळी, लहान, असं लिहू. निवृत्ती प्रामाणिक पडला. त्यानं विचारलं, पुढं काही भानगड तर होणार नाही ना. कंपाउंडर म्हणाला, भानगड कसली, उलट फायदा. दुष्काळात शेळी नोंदवली की छावणीत वैरण मिळते. मात्र वैरण उचलली नाही तर साहेब शेळ्या मोजायला घरी येतात.

शेळी बारगळली. मग मालकाचं नाव आलं. मालक म्हणून आपलं नाव द्यावं, तर सरकारी क्वार्टरमध्ये जनावर पाळायला मनाई. न द्यावं, तर बेवारस जनावर दवाखान्यात घेता येत नाही, त्याचा रिपोर्ट पाठवावा लागतो. कुठं पाठवायचा, असं निवृत्तीनं विचारलं. आधी उस्मानाबादला पाठवत होतो, आता कुठं ते विचारायला उस्मानाबादला पत्र लिहिलंय, असं उत्तर आलं.

तेवढ्यात आतून डॉक्टर केंद्रे बाहेर आले. गुरांच्या छावणीवरून आलेले, डोक्यापासून बुटापर्यंत धुळीनं भरलेले. निवृत्तीनं नेहमीच्या सवयीप्रमाणं विषयाभोवती बराच वेळ फेऱ्या मारल्या, हवापाण्याचं बोलला, छावणीचं विचारलं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं की दुखतंय कुणाला. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं, आई चाललीय इथपर्यंत सांगितलं. डॉक्टरांनी एका चिठोऱ्यावर मलम आणि सुया लिहून दिल्या. सरकारी औषध मांजराला देता येत नाही, पण बाजारातून हे आणून ठेवा, रविवारी मला सुट्टी आहे, मी येतो आणि एकेकाला टोचतो, म्हणाले. निवृत्तीनं औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली. एवढ्या मांजरांचं औषध म्हणजे त्याची दोन महिन्यांची उचल होती.

तर असा तो पट्टी मागायला निघाला.

त्याचं मागणं कसं असायचं, ते सांगण्यासारखं आहे. तो दार वाजवायचा. लोक या म्हणायचे. तो बसायचा, टँकर कधी येतो यावर बोलायचा, कोरा चहा प्यायचा, त्यांच्या पोराचं पाठांतर ऐकायचा आणि 'बरं येतो' म्हणून उठायचा. पहिल्या ओळीतली सगळी घरं अशी झाली. हाती पैसा आला नाही आणि कोऱ्या चहानं पित्त झालं. वर वसाहतीत चर्चा सुरू झाली की सोनकांबळ्यांना हल्ली घरात चहा मिळत नाही. गुणाबाईच्या कानावर ते आलं आणि तिनं दोन दिवस अबोला धरला.

एका घरी मात्र तो बोलला. मोठा धीर करून म्हणाला, की मांजरांसाठी थोडी पट्टी जमवून राहिलो. घरातले गृहस्थ आधी हसले, मग बायकोला बोलावून तिलाही ऐकवलं, आणि मग दोघांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली. माणसाला प्यायला पाणी नाही आणि मांजराला सुया, असं म्हणून त्यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. निवृत्ती पायऱ्या उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते. आईसाठी म्हणून तो हे करत होता, आणि आईचं नाव काढलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण घरातलं दुखणं लोकांच्या दारात मांडायचं त्याच्या जिवावर आलं.

अमृतराव ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि आपल्या साऱ्या नोकरीचं सार सांगितलं. "निवृत्तीराव, लोक कामाला पैसा देत नाहीत, कार्यक्रमाला देतात. तुमची तजवीजच चुकली. दस्तूर असा, की आधी कमिटी, मग पावती पुस्तक, मग पाहुणा."

निवृत्ती म्हणाला, मला फक्त औषध आणायचंय. अमृतराव म्हणाले, औषध हा तपशील झाला.

कमिटी त्याच ओट्यावर झाली. अध्यक्ष अमृतराव. त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं, पण ते आधीच खुर्चीत बसलेले होते. खजिनदार कोण, तर जिच्या हातून पैसा सांडत नाही अशी वसाहतीत एकच बाई होती. म्हणून पार्वतम्मांना खजिनदार केलं. ज्यांनी मांजरांना पोत्यात घालायचा ठराव केला त्यांच्याच कमरेच्या बटव्यात मांजरांचा फंड गेला, हे निवृत्तीच्या लक्षात आलं, पण तोवर टाळ्या झाल्या होत्या. छापखान्यातून पावती पुस्तक आलं. त्यावर काय छापायचं यावर घोळ झाला. छापखानेवाला म्हणाला, कोणत्या देवाची पट्टी ते सांगा, देवाचा ठसा माझ्याकडं तयार आहे. निवृत्तीच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, देव कुठून देणार. तो म्हणाला, देव नको. अमृतराव म्हणाले, खरंय, देव नको, दुष्काळ घाला. म्हणून पावतीवर 'दुष्काळ कार्य, गोदाम वसाहत' असं छापलं गेलं. मांजर हा शब्द लांब पडत होता म्हणून राहिला.

आणि काय चमत्कार. ज्यांनी निवृत्तीला दारापर्यंत पोचवलं होतं त्यांनीच पावती फाडून घेतली. कशाची पट्टी, असं एकानंही विचारलं नाही. पावती पुस्तक दिसलं की हात खिशात जाणार, ही आपल्याकडची रीत आहे. पण रीतीला दुसरी बाजूही आहे, ती निवृत्तीला ठाऊक असायला हवी होती. आमच्याकडं पट्टी म्हटली की पंगत आली. ज्यानं पट्टी दिली तो घरच्या सगळ्यांना घेऊन जेवायला येणार, आणि पंगतीशिवाय पट्टी म्हणजे उघड उघड फसवणूक. पहिल्या पाच पावत्या फाटल्या असतील नसतील, तोच टँकरच्या रांगेत बायका एकमेकींना विचारू लागल्या की हुग्गी कवा हाय.

हुग्गी म्हणजे गहू, गूळ घालून केलेली खीर. कार्याला हुग्गी नसेल तर त्या भागात कार्य झालं असं कुणी धरत नाही. निवृत्ती अमृतरावांकडं धावला. अमृतराव म्हणाले, लोकांची अपेक्षा मोडता येत नाही. तो पार्वतम्मांकडं धावला. पार्वतम्मा तोवर गहू सडायला बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत असलं तेज त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. शिवमूर्ती स्वामी नावाचा आचारी त्यांनी उदगीरहून बोलावला होता, आणि स्वयंपाकी कोण, हे तीन घरांनी येऊन विचारून घेतलं. पट्टी कुणी मागितली हे मात्र विचारायचं राहून गेलं. निवृत्तीला 'पंगत नाही' असं सरळ सांगता आलं असतं. पण नाही म्हणणं हेही त्याला मागण्याइतकंच अवघड जायचं.

पाहुणा ठरला डॉक्टर केंद्रे. ते नाहीतरी येणारच होते. पाहुणा आला म्हणजे शाल आली, नारळ आला, हार आला. हार आला म्हणजे मंडप. मंडप आला म्हणजे भोंगा. भोंगेवाल्यानं एक भोंगा गोदामाकडं तोंड करून बांधला, दुसरा निवृत्तीच्या मागल्या अंगणाकडं. औषधाचं कुणी नावही काढलं नाही. शनिवारी संध्याकाळी निवृत्तीनं पार्वतम्मांना आडून आडून विचारलं की शिल्लक किती. त्या म्हणाल्या, शिल्लक कसली, तूप राहिलंय अजून.

रविवारी दुपार कलली आणि माणसं यायला लागली. वसाहतीतली आली, त्यांचे पाहुणे आले, रोजगार हमीच्या कामावरची काही मंडळी वासावर आली. त्यांना कुणी हटकलं नाही, हे अमृतरावांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दुष्काळाचं कार्य आहे, दुष्काळातली माणसं येणारच, असं ते म्हणाले. भोंगा सुरू झाला आणि त्या क्षणी सरजाबाई, धुरपताबाई, केवळाबाई आणि सटवाजी आपल्या सगळ्या गोतावळ्यासह गोदामाच्या पत्र्यावर चढून पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

डॉक्टर केंद्रे आपली पेटी घेऊन मांजरांना टोचायच्या तयारीनं आले होते. त्यांना धरून व्यासपीठावर बसवलं. अमृतरावांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. त्या उन्हात शाल म्हणजे शिक्षाच, पण डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना लोकांनी बोलावलं होतं ते म्हैस मेली म्हणून शिव्या द्यायला. शाल त्यांनी काढलीच नाही. हात जोडून उभे राहिले आणि गुरांच्या लाळ्या-खुरकुतापासून जे बोलत सुटले ते कोंबड्यांच्या मानमोडीपर्यंत आले, तोवर पहिली पंगत उठून दुसरी बसली होती. मांजरापर्यंत भाषण आलं तेव्हा ते थांबले, निवृत्तीकडं वळले आणि विचारलं, "बरं, औषध आणलंय ना?"

भोंग्यावरून ते सगळ्या वसाहतीला ऐकू गेलं. निवृत्तीनं अमृतरावांकडं बघितलं, अमृतरावांनी पार्वतम्मांकडं आणि पार्वतम्मांनी हुग्गीच्या पातेल्याकडं.

कसं झालं ते निवृत्तीला नंतरही सांगता आलं नाही. तो व्यासपीठावर गेला. समोर एवढी माणसं जेवत होती, आणि उद्या सकाळी ट्रक निघणार होता, आणि ट्रकच्या मागं कंधारची गाडी. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"औषध न्हाई," तो म्हणाला. "पैसे हुग्गीत गेले. चूक माझी हाय, मी नीट सांगितलंच न्हाई. ही पट्टी मांजरांच्या औषधाची होती. आन खरं सांगायचं तर मांजरांची बी न्हाई. माझी माय उद्या गावाकडं चालली. तिकडं पानी न्हाई, कुनी करणारं न्हाई. ती ह्या मांजरांच्या पायी इथं थांबली हाय. मांजरं राहिली तर ती राहती. म्हणून मी तुमच्या दारात येऊन चहा पिऊन राहिलो होतो." तो थांबला. "मला अजून एकदा पैसे लागतेत. द्या."

मंडपात सगळे हात पत्रावळीवर थांबले. आजवर पुष्कळांनी पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण माईकवरून 'द्या' म्हणून कुणी गप्प उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पार्वतम्मा पातेल्याजवळून उठल्या. पदर खोचून थेट व्यासपीठाशी आल्या. "अय्यो, निवृत्तीराव," त्या म्हणाल्या, "हे पैल्या दिवशी सांगायला जिभेला लूत लागली होती का? मांजराचं म्हणलात म्हणून मी मांजराचं धरले. आईचं म्हणला असता तर मी तिथंच काढून दिले नसते?" आणि त्यांनी बटवा सोडला. आचाऱ्याशी घासाघीस करून, भांड्यांच्या भाड्यात कमी करून, कुणाला पत्ता लागू न देता त्यांनी पैसे राखून ठेवले होते. खजिनदाराची जातच ती. बाकीचे दुसऱ्या पंगतीतून जमले. ज्यांनी निवृत्तीची तब्येत विचारली होती ते गृहस्थ खरकट्या हातानं उठले आणि डाव्या हातानं खिसा चाचपू लागले.

पुढचं पटापट झालं. डॉक्टर केंद्रे शाल आणि हार अंगावर तसाच ठेवून फटफटीवर बसले आणि बाजारात गेले. औषधाच्या दुकानदारानं ते रिटायर झाले असं समजून त्यांचं अभिनंदन केलं आणि बिलात सूट दिली. ते परत आले तेव्हा भोंगा बंद केलेला होता. आता मांजरं पत्र्यावरून उतरवायची कशी, यावर अमृतरावांनी पोटकमिटी नेमायला सुरुवात केली. तेवढ्यात मागल्या दारातून नागुबाई आली. तिनं पत्र्याकडं बघून हाक घातली, की धुरपताबाई, ये खाली, किती वाट बघायची. पंगतीतली एक म्हातारी घास तसाच टाकून उठली आणि 'आले की माय' म्हणत पुढं आली. तिचं नाव खरंच धुरपताबाई होतं. तिची समजूत घालून तिला परत बसवेपर्यंत मांजरं एकेक करून खाली आली.

डॉक्टरांनी सत्काराची शाल अंगावरून काढली. एकेका मांजराला तिच्यात गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर, नागुबाईनं धरायचं, डॉक्टरांनी टोचायचं आणि मलम चोळायचं. ओरबाडे सगळे शालीला लागले. फक्त सटवाजी शेवटी सुटला आणि आभारप्रदर्शन करत असलेल्या अमृतरावांच्या अंगावरून गेला, त्यामुळं आभार अर्धेच झाले. पोती पार्वतम्मांनी घडी घालून घरात नेऊन ठेवली. गव्हाला होतील, म्हणाल्या.

शेवटची पंगत राबणाऱ्यांची. तोवर दिवस बुडायला आला होता. अमृतराव बसले, पार्वतम्मा बसल्या, डॉक्टर बसले, गुणाबाई बसली. निवृत्ती हुग्गीची बादली घेऊन वाढत होता. त्याचं अंग हलकं झालं होतं. नागुबाई मात्र मंडपाच्या खांबाशी उभीच होती. गुणाबाई म्हणाली, बसा की आत्याबाई. नागुबाई म्हणाली, मला सकाळी गाडी हाय, गठुडं बांधायचंय.

निवृत्तीच्या हातातली बादली तिथंच थांबली. "मांजरं बरी होतील म्हणून डॉक्टर सांगून राहिलेत," तो म्हणाला.

"व्हतील की."

"मग?"

"मग काय? मांजरं मला रहा म्हनतेत व्हय?" नागुबाई म्हणाली. आवाज तिनं चढवला नव्हता. "साऱ्या वसाहतीला भोंग्यावर सांगितलंस, माय चालली म्हनून. दवाखान्यात सांगितलंस. मला कवा सांगतूस? आले त्या दिसापासून कान लावून बसलेय. तू नुसता बरं म्हनतूस. मला वाटलं, ह्याला जड झाले मी."

निवृत्ती बादलीतल्या हुग्गीकडं बघत राहिला.

"तुझ्या बापानं बाबासाहेबांचं ऐकून दारोदार मागून खायचं सोडलं, लई मोठं काम केलं त्यानं," ती म्हणाली. "पर घरात मायला रहा म्हनायचं सोड, असं त्यो काही सांगून गेला न्हाई."

बादली खाली ठेवायचं भान निवृत्तीला राहिलं नाही. तशीच हातात धरून तो म्हणाला, "माय, जाऊ नको. रहा."

पंगतीच्या टोकाला बसलेल्या अमृतरावांचा उजवा हात जुन्या सवयीनं वर गेला आणि ते म्हणाले, "अनुमोदन." पार्वतम्मांनी त्यांच्याकडं असं बघितलं की हात परत पत्रावळीवर आला.

नागुबाई खांबापासून हलली. पंगतीत गुणाबाईच्या शेजारी मांडी घालून बसली, पदर सावरला आणि पत्रावळ पुढं ओढली.

"वाढ मग," ती म्हणाली.

निवृत्तीनं वाढलं. डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला नीट दिसत नव्हतं, त्यामुळं बरीचशी हुग्गी पत्रावळीच्या बाहेर गेली.